कागदावरचे आरमार

वर्तमानपत्रात एखाद्या देशाच्या नौदलाविषयी काही छापून आले, की त्यात ‘जेन्स’ या नावाचा दाखला हमखास सापडतो. अमुक देशाजवळ इतक्या विनाशिका आणि इतक्या पाणबुड्या आहेत, असे सांगताना लेखक ‘जेन्स’कडे बोट दाखवितो आणि वाद तेथेच मिटतो. हे नाव कुणाला एखाद्या सरकारी खात्याचे वाटते, तर कुणाला एखाद्या बाईचे. वस्तुतः ते एका इंग्रज गृहस्थाचे आडनाव आहे. जॉन फ्रेडरिक टॉमस जेन हे त्याचे पूर्ण नाव. जग त्याला फ्रेड टी. जेन म्हणून ओळखते. गमतीची गोष्ट अशी, की ज्याच्या शब्दाला देशोदेशीचे नौसेनापती मान देत, तो गृहस्थ नौदलाच्या चाकरीत कधीच नव्हता. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असे आपण म्हणतो. जेनने मात्र आयुष्यभर काठावर बसून पोहणाऱ्यांना चार धडे दिले. आज संगणकाच्या पडद्यावर ज्या कल्पित सागरी लढाया खेळल्या जातात, त्यांचा माग काढीत गेले तर आपण याच गृहस्थाच्या मेजापाशी येऊन पोहोचतो.

जेनचा जन्म ६ ऑगस्ट १८६५ रोजी सरे परगण्यातील रिचमंड येथे झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. मुलाचे शिक्षण एक्झिटर येथील शाळेत झाले. शाळेच्या रग्बी संघात तो खेळे. त्याहून अधिक तो चित्रांत रमे. १८८२च्या जुलै महिन्यात ब्रिटिश आरमाराने इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरावर तोफांचा भडिमार केला, तेव्हा जेनला सतरावे वर्ष पुरे व्हायचे होते. त्या बातम्यांनी हा मुलगा झपाटला. लढणाऱ्या जहाजांची चित्रे काढून ती एका वहीत जमवावयाची, असा त्याने परिपाठ धरला. शाळकरी वयातले असले छंद बहुधा मिसरूड फुटेपर्यंत टिकतात. याचा छंद शेवटपर्यंत टिकला.

पुढे नशीब काढण्यासाठी तो लंडनला आला. चित्रकाराचा धंदा तेव्हाही आजच्याइतकाच बेभरवशाचा होता. नियतकालिकांना रेखाचित्रे पुरवून तो पोट भरू लागला. नौदलाच्या वार्षिक कवायतींना चित्रकार म्हणून जाण्याची संधी त्याला मिळाली आणि वहीतली जहाजे त्याने प्रत्यक्ष पाहिली. याच सुमारास इंग्लंडमध्ये भावी युद्धांच्या कादंबऱ्यांचे पेव फुटले होते. जॉर्ज ग्रिफिथच्या ‘द एंजल ऑफ द रेव्होल्यूशन’ या १८९३ सालच्या कादंबरीला जेनने चित्रे काढली. तीत आकाशात उडणारी युद्धनौका होती, आणि विमान तर अजून जन्मालाही आले नव्हते. लवकरच तो स्वतः कादंबऱ्या लिहू लागला. १८९७ साली आलेल्या त्याच्या एका कादंबरीतील पात्रे पाच सेकंदांत शुक्र ग्रहावर पोहोचतात. यावरून त्याच्या कल्पनेची झेप ध्यानात यावी. पण ज्या कल्पनेमुळे त्याचे नाव राहिले, ती अशी मोकाट सुटलेली नव्हती. ती आकड्यांच्या दावणीला बांधलेली होती.

ही दावण का हवी होती, हे समजण्यासाठी त्या काळच्या आरमारांकडे पाहिले पाहिजे. १८०५ साली ट्रफाल्गारची लढाई झाली, तेव्हा जहाजे लाकडाची आणि शिडांची होती. त्यानंतर ब्रिटिश आरमाराला बरोबरीच्या शत्रूशी झुंजण्याचा प्रसंगच आला नाही. दरम्यान वाफेची यंत्रे आली, लोखंडी चिलखत आले, लांब पल्ल्याच्या तोफा आणि पाण्याखालून जाणारे टॉर्पेडो आले. आपल्या मुंबई बंदराच्या रक्षणासाठीदेखील ‘मॅग्डाला’ आणि ‘अ‍ॅबिसिनिया’ ही दोन बुटकी चिलखती जहाजे तीसेक वर्षे उभी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती विकली गेली, तोवर त्यांना लढाई ठाऊक झाली नव्हती. सगळ्याच आरमारांची थोडीफार हीच अवस्था होती. नवी शस्त्रे अमाप, पण ती एकमेकांवर चालविल्यावर काय होईल, हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नव्हते.

अपवाद होता तो १८६६ साली एड्रिअ‍ॅटिक समुद्रात लिसा बेटापाशी झालेल्या लढाईचा. तीत ऑस्ट्रियाच्या जहाजाने टक्कर मारून इटलीचे चिलखती जहाज बुडविले. एवढ्या एका प्रसंगावरून जगभरच्या आरमारांनी धडा घेतला, की टक्कर हेच खरे शस्त्र. मग कित्येक वर्षे प्रत्येक मोठ्या युद्धनौकेच्या नाकाशी पाण्याखाली पोलादी चोच बसविली जाऊ लागली. त्या चोचीने शत्रूचे फारसे बिघडले नाही. २२ जून १८९३ रोजी भूमध्य समुद्रातील कवायतीत मात्र ब्रिटिशांच्याच ‘कॅम्परडाउन’ने ब्रिटिशांच्याच ‘व्हिक्टोरिया’ला धडक दिली आणि सेनापती ट्रायनसह ३५८ जणांना जलसमाधी मिळाली. एका लढाईवरून बांधलेला आडाखा किती महाग पडू शकतो, हे इंग्लंडने पाहिले. खऱ्या लढाया घडवून प्रयोग करता येत नाहीत. तेव्हा लढाई कुठेतरी खोटी खोटी लढून पाहिली पाहिजे, पण त्यातले हिशेब खरे असले पाहिजेत. जेनने नेमके हेच केले.

त्याच्या सागरी युद्धाच्या खेळाचे नियम १८९८ साली बाहेर आले. मेजावर दोन पक्षांची इवलीशी जहाजे मांडावयाची. बुद्धिबळात सगळी प्यादी सारखी. येथे प्रत्येक सोंगटी एका खऱ्या जहाजाची प्रतिनिधी, आणि तिचा वेग, तिच्या तोफा, तिचे चिलखत खऱ्या जहाजाचेच. एक चाल म्हणजे समुद्रावरचे एक मिनिट. दोन्ही पक्ष एकाच वेळी चाल करणार, कारण समुद्रावर कोणी आपली पाळी येण्याची वाट पाहत नाही. प्रत्येक जहाजाचे एक कागदी पान असे. त्यावर जहाजाची बाजूने दिसणारी आकृती काढलेली आणि तिचे चौकोनी घरांत तुकडे पाडलेले. कोणत्या घरापाशी किती जाड चिलखत आहे, हे अक्षरांनी दाखविलेले असे.

तोफ डागण्याची युक्ती तर मोठी नामी होती. शत्रूच्या जहाजाचे चित्र समोर ठेवावयाचे; जवळून मारा असेल तर मोठे चित्र, दुरून असेल तर लहान. मग हातातल्या चपट्या फळीने त्यावर फटका मारावयाचा. फळीला एक बारीक टाचणी बसविलेली असे, पण ती मधोमध नसे. त्यामुळे नेम धरणाऱ्याचे कसब कामी येई, पण नेमके कोठे भोक पडेल हे त्याच्याही हाती नसे. भोक पडलेल्या घराचे चिलखत आणि डागलेल्या तोफेची ताकद यांची अक्षरे ताडून पाहावयाची. चिलखत भेदले गेले, तर त्या घरात जे असेल ते गेले. तोफ असेल तर ती मुकी झाली, बाष्पक असेल तर जहाजाची गती मंदावली. तंटा झाल्यास पंच निवाडा देई. फाशांच्या दानावर सारे सोपविण्यापेक्षा ही रीत समुद्राला अधिक जवळची होती.

खेळाचा दुसराही एक भाग होता. लढाईच्या आधीचे दिवस नकाशावर घालवावे लागत. शत्रू कोठे आहे याचा शोध, कोळसा कोठे भरावयाचा याची चिंता, दुरुस्तीला लागणारा काळ, हे सारे त्यात येई. कल्पित युद्धप्रसंग रचणे म्हणजे काय, हे येथे कळते. अमुक देश विरुद्ध तमुक देश एवढे म्हटल्याने प्रसंग तयार होत नाही. कोणत्या ठिकाणी, कोणत्या ऋतूत, कोणाजवळ किती कोळसा उरला असता, सेनापतीला वरून कोणती आज्ञा आहे, त्याला शत्रूविषयी काय ठाऊक आहे आणि काय नाही, जय कशाला म्हणावयाचे, एवढे ठरविल्यावरच सोंगट्या हलवावयाच्या. जय म्हणजे दर वेळी शत्रूची जहाजे बुडविणे असे नसते. कधी आपले मालवाहू तांडे सुखरूप पोहोचविणे, कधी केवळ दोन दिवस शत्रूला अडवून धरणे हाही जय असतो. ही सगळी मांडणी कल्पित, पण तिचा एकेक चिरा खरा हवा.

या खऱ्या चिऱ्यांसाठीच जेनच्या लहानपणच्या वह्या कामी आल्या. खेळाचे नियम आले त्याच वर्षी, १८९८ साली, ‘ऑल द वर्ल्ड्‌स फायटिंग शिप्स’ हा त्याचा आडव्या आकाराचा ग्रंथ निघाला. जगातील युद्धनौका त्याने देशवार मांडल्या होत्या आणि चित्रे स्वतःच्या हाताने काढली होती. दूर क्षितिजावर दिसणारी काळी आकृती कोणत्या जहाजाची, हे खलाशाला ओळखता यावे अशी ती रचना होती. तोफांचे आणि चिलखतांचे मोल त्याने अक्षरांच्या प्रतींनी ठरविले होते, म्हणजे ग्रंथ उघडून सरळ खेळायला बसावे. पुढे चित्रांच्या जागी छायाचित्रे आली आणि ग्रंथाचे नाव ‘जेन्स फायटिंग शिप्स’ असे झाले. खेळासाठी जमविलेली माहिती मंत्रालयांच्या कपाटांत जाऊन बसली.

रशियन राजघराण्यातील ग्रँड ड्यूक अलेक्झांडर याने या खेळात रस घेतला. जेनने रशियाच्या आरमारावर १८९९ साली आणि जपानच्या आरमारावर १९०४ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिले. दैवयोग असा, की याच दोन आरमारांनी लवकरच त्याच्या पद्धतीची परीक्षा घेतली. मे १९०५मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाच्या आठ युद्धनौका जपानच्या चार युद्धनौका आणि आठ चिलखती क्रूझर यांच्यासमोर आल्या. नुसत्या मोठ्या तोफा मोजल्या असत्या, तर रशियाचे पारडे हलके भरले नसते. प्रत्यक्षात रशियाचे आरमार नामशेष झाले, चार हजारांहून अधिक रशियन खलाशी बुडाले, आणि जपानने गमावल्या त्या तीन टॉर्पेडो-नौका. बाल्टिक समुद्रापासून सुमारे १८ हजार सागरी मैल कोळशाचे ढीग वाहत आलेली ती जहाजे थकली होती, माणसे त्याहून थकली होती, आणि तोफा चालविण्याचा सराव जपानी गोलंदाजांच्या मानाने तोकडा होता. पानावरच्या चौकोनांत हे काही लिहिलेले नसते.

जेन हा हट्टी होता, पण आंधळा नव्हता. १९०६ साली त्याने ‘हेरसीज ऑफ सी पॉवर’ हा ग्रंथ लिहिला. सागरी सत्तेविषयी तेव्हा अमेरिकन लेखक माहान याचे सिद्धान्त वेदवाक्याप्रमाणे मानले जात. जेनने त्यांना आव्हान दिले. इतिहासातून काढलेले ठोकताळे आणि जहाजांच्या संख्या यांपेक्षा जिंकण्याची लायकी ज्या लोकांच्या अंगी असते ते जिंकतात, असा त्याचा सारांश होता. ज्याने आयुष्यभर जहाजे मोजली, त्यानेच मोजणी अपुरी असल्याचे लिहावे, ही गोष्ट मला त्याच्या चरित्रात फार मोलाची वाटते.

नव्या विचारांना जागा देण्याचे औदार्यही त्याच्याजवळ होते. इटालियन नौका-अभियंता कुनिबेर्ती याने सर्व तोफा एकाच मोठ्या मापाच्या असलेल्या वेगवान युद्धनौकेची कल्पना मांडली होती. इटलीला ती झेपणारी नव्हती. जेनने १९०३च्या आपल्या वार्षिक ग्रंथात कुनिबेर्तीचा लेख छापला. पुष्कळांना तो कवीचा कल्पनाविलास वाटला. फेब्रुवारी १९०६मध्ये ब्रिटनने बारा इंची दहा तोफांची ‘ड्रेडनॉट’ पाण्यात सोडली आणि जगातल्या सगळ्या जुन्या युद्धनौका एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या. ड्रेडनॉटचे श्रेय एकट्या त्या लेखाचे नव्हे. ब्रिटिश नौदलातही तसे विचार चालू होते. पण कागदावरचे जहाज तीन वर्षांत समुद्रावर आले, हे मात्र खरे.

ग्रंथात बुडालेला अभ्यासक म्हणजे सोवळा, गंभीर माणूस, अशी आपली समजूत असते. जेन तसा मुळीच नव्हता. पोर्ट्‌स्मथ हे नौदलाचे गाव त्याने आपले मानले. १९०६च्या निवडणुकीत नौदलाच्या हिताचा कैवार घेऊन तो तेथून अपक्ष उभा राहिला आणि पडला. व्हिक्टर ग्रेसन या समाजवादी खासदाराला त्याने एकदा राजकीय खोडी म्हणून चक्क पळवून नेले होते. मोटारींचे त्याला वेड होते. विमाने उडू लागली तेव्हा १९०९ साली त्याने जगातील विमानांचा आणि हवाई जहाजांचाही वार्षिक ग्रंथ सुरू केला.

१९१४ साली ज्या युद्धाचे डाव इतकी वर्षे मांडले होते, ते खरोखरच आले. २२ सप्टेंबर रोजी ‘यू-९’ या एका जर्मन पाणबुडीने दीड तासाच्या आत ब्रिटनच्या तीन क्रूझर बुडविल्या आणि चौदाशेहून अधिक माणसे मेली. पहिले जहाज सुरुंगावर आदळले असे समजून उरलेली दोन बुडणाऱ्यांना वाचवायला थांबली, आणि थांबली म्हणून बुडाली. मेजावर कोणी सोंगटी अशी थांबवीत नाही. खेळाडूला आपल्या सोंगटीची दया येत नाही.

८ मार्च १९१६ रोजी पोर्ट्‌स्मथजवळ साउथसी येथे जेनचा अंत झाला. वय अवघे पन्नास. त्यानंतर तीन महिने पुरे होण्याच्या आत, ३१ मे रोजी, जटलंडपाशी ब्रिटिश आणि जर्मन आरमारांची गाठ पडली. ज्या लढाईची वाट पाहत त्याची सारी हयात गेली, ती पाहायला तो उरला नाही. तीत ब्रिटनच्या तीन प्रचंड बॅटलक्रूझर फुटून समुद्रात गेल्या. एकट्या ‘इन्व्हिन्सिबल’वरील हजाराहून अधिक माणसांतून सहा जण वाचले. चिलखत पातळ होते हे त्याच्या पानांवर होतेच. पण तोफा भराभर डागता याव्यात म्हणून दारूगोळा हाताशी रचून ठेवला होता, आगीचा लोळ अडविणारे दरवाजे उघडे ठेवले होते, हे कोणत्याही पानावर नव्हते. दोन्ही बाजूंची मिळून साडेआठ हजारांहून अधिक माणसे त्या एका लढाईत गेली.

मग असल्या खेळांचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढच्या महायुद्धात सापडते. १९४२ साली मिडवे बेटावरील स्वारीपूर्वी जपानी आरमाराने मेजावर लढाई लढून पाहिली. पंचाने निकाल दिला, की ‘आकागी’ आणि ‘कागा’ ही दोन विमानवाहू जहाजे बुडाली. वरिष्ठ अधिकारी उगाकी याला हा निकाल रुचला नाही. त्याने बाँबची संख्या कमी धरावयास लावली आणि ‘आकागी’ तरंगती झाली. बुडालेली ‘कागा’ही पुढच्या डावात परत आली. ४ जूनला समुद्राने हा निकाल फिरविला. ती दोन्ही जहाजे आणि त्यांच्यासोबत आणखी दोन विमानवाहू जहाजे कायमची गेली. खेळाने इशारा दिला होता; हरणे मान्य नसलेल्याने तो ऐकला नाही.

जेनची फळी आणि टाचणी आता संग्रहालयात शोभावी. १९८० साली लॅरी बाँड या अमेरिकन नौदलात काम केलेल्या गृहस्थाने ‘हार्पून’ हा क्षेपणास्त्रांच्या युगाचा सागरी युद्धखेळ आणला, आणि १९८९ साली तो संगणकावर आला. ग्रीनलंड, आइसलंड आणि ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रात सोव्हिएत आणि पाश्चात्त्य नौदले कशी झुंजतील, याचे कल्पित प्रसंग त्यात होते. टॉम क्लॅन्सी या कादंबरीकाराने १९८६ सालच्या आपल्या ‘रेड स्टॉर्म रायझिंग’ या कादंबरीतले सागरी प्रसंग याच खेळावर पारखून पाहिले होते. १९९१ साली सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले आणि ते युद्ध कधी घडलेच नाही. १९९९ साली निघालेल्या आरमारी युद्धाच्या एका संगणकीय खेळाच्या नावातच ‘जेन्स’ आहे. पडद्यावरच्या ठिपक्याखाली जहाजाचा वेग आणि शस्त्रे लिहून येतात, तेव्हा एक्झिटरच्या त्या शाळकरी मुलाची वहीच उघडलेली असते.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. युद्धनौकांशी आपला संबंध तो काय? पण कल्पनाशक्ती हा आपला विषय आहे, आणि जेनच्या जन्मात तिचे दोन अवतार एकाच माणसात दिसतात. पाच सेकंदांत शुक्रावर नेणाऱ्या त्याच्या कल्पनेने चार घटका करमणूक केली. चिलखताची जाडी आणि कोळशाचा साठा यांना जबाबदार राहिलेल्या कल्पनेचे काम त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. मात्र तिच्या पानावर एक घर त्यालाही भरता आले नाही. त्या घरात माणूस असतो. जो कोणी कल्पित युद्धाचा पट मांडील, मग तो मेजावर असो, पडद्यावर असो वा कादंबरीत, त्याने एक सोंगटी उचलून बाजूला ठेवताना तिच्यावर किती माणसे होती, हे एकदा तरी मोजावे.